बीजनिधीचा पहिला अर्ज : जीवशास्त्रज्ञ आणि इंजिनिअर यांनी मिळून कसा करावा

इनक्युबेटरमध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या उबदार पेटीत, ठेवलेला आमचा सेन्सर तिसऱ्या दिवशी बंद पडला. सर्किट बोर्ड माझा होता, पेशी माझ्या सहकारी बाईंच्या. इनक्युबेटरमधली हवा मुद्दाम दमट ठेवतात, नाहीतर डिशमधलं माध्यम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, उडून जातं, हे त्यांना पाठ होतं. उघडा बोर्ड दमट हवेत टिकत नाही, हे मला पाठ होतं. दोघांनीही ते एकमेकांना सांगितलं नव्हतं, कारण दोघांनाही ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

ती चूक आम्हाला फार महाग पडली नाही, कारण ती एका छोट्या सीड ग्रँटमध्ये, म्हणजे बीजनिधीत, झाली. बोर्डावर लेप चढवला, तारा बाहेर काढल्या, पंधरा दिवसांत काम पुन्हा सुरू झालं. मोठ्या प्रकल्पात, चार माणसं नेमल्यावर आणि यंत्रं मागवल्यावर हेच झालं असतं तर वर्ष गेलं असतं. तेव्हापासून मी असे बरेच अर्ज लिहिले, इतरांचे वाचले, आणि एक गोष्ट मनात पक्की झाली : सीड ग्रँटचे पैसे एकाच प्रश्नाच्या उत्तरासाठी असतात. आपण दोघांनी मिळून करायचं म्हणतोय ते खरंच चालतं का? अर्जातली प्रत्येक ओळ या प्रश्नाशी बांधलेली असेल तर अर्ज उभा राहतो. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पायरी १ : हे पैसे कशाचे असतात ते समजून घ्या

मोठी ग्रँट मागायला गेलात की परीक्षक विचारतात, हे जमेल याचा पुरावा काय? त्या पुराव्याला सगळे प्रिलिमिनरी डेटा म्हणतात. तो जमवायला पेशी, रसायनं, यंत्राचे तास आणि एखाद्या विद्यार्थ्याचे सहा महिने लागतात, म्हणजे पुन्हा पैसेच लागतात. ही गाठ सोडवायला सीड ग्रँट असते. रक्कम लहान, मुदत साधारण एक ते दोन वर्षं, अर्ज थोडक्या पानांचा, आणि काम फसू शकतं हे देणाऱ्याने आधीच मान्य केलेलं.

दोन विद्याशाखांच्या मधल्या कामाला तिची गरज जास्त असते. २०१६ मध्ये 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला होता. लिंडेल ब्रोमहॅम आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियन रिसर्च कौन्सिलच्या एका योजनेतले पाच वर्षांतले १८,४७६ प्रस्ताव तपासले. प्रस्तावातल्या शाखा एकमेकींपासून जितक्या दूरच्या, तितकी त्याला पैसे मिळण्याची शक्यता कमी, असं त्यात दिसलं. कारणाचा अंदाज मला परीक्षकांच्या टिप्पण्या वाचून येतो. जीवशास्त्राच्या परीक्षकाला उपकरणाचा भाग तपासता येत नाही, अभियांत्रिकीच्या परीक्षकाला पेशींचा भाग तपासता येत नाही, आणि जे तपासता येत नाही त्याला दोघंही मधलेच गुण देतात. हातात एक जरी खरा आलेख असला तरी हे चित्र पालटतं.

हे पैसे कुठे मिळतात? सगळ्यात आधी आपल्याच संस्थेत विचारा. अनेक विद्यापीठांत वेगवेगळ्या विभागांतल्या दोन प्राध्यापकांनी मिळून अर्ज करायचा, अशी अंतर्गत योजना असते. स्टॅनफर्डचा 'बायो-एक्स' उपक्रम १९९८ मध्ये सुरू झाला आणि २००० सालापासून तो अशाच आंतरशाखीय जोड्यांना सीड ग्रँट देत आला आहे. त्यानंतर राष्ट्रीय संस्था. अमेरिकेत एनआयएच या आरोग्य संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेची आर-२१ ही शोधात्मक ग्रँट आहे. तिची नेहमीची मर्यादा दोन वर्षांत मिळून २,७५,००० डॉलर थेट खर्च (संस्थेचा वरखर्च सोडून) अशी असते आणि प्रिलिमिनरी डेटाची सक्ती साधारणपणे नसते. तिथल्याच एनएसएफ या विज्ञान संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थेची 'ईगर' योजना जोखमीच्या, अजून न चाचपलेल्या कल्पनांसाठी आहे, पण अर्ज टाकण्याआधी प्रोग्राम ऑफिसरशी, म्हणजे योजना सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याशी, बोलणं तिथे बंधनकारक आहे. देशांच्या सीमा ओलांडून काम करायचं असेल तर १९८९ मध्ये स्थापन झालेला, स्ट्रासबर्गहून चालणारा 'ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅम' पाहा. तिथे वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांनी एकत्र यावं लागतं, भौतिकशास्त्र किंवा अभियांत्रिकीतून जीवशास्त्राकडे वळणाऱ्यांचं स्वागत होतं, आणि आधी फक्त छोटं इरादापत्र मागतात. रकमेच्या मानाने तो सीड ग्रँटपेक्षा मोठा आहे, पण आधीचा डेटा मागत नसल्यामुळे त्याचा विचार याच टप्प्यावर करावा. याशिवाय एखाद्या आजारासाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्थाही लहान रकमा देतात. त्यांचे अर्ज सोपे असतात आणि उत्तर लवकर येतं, म्हणून नवख्यांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नये.

पायरी २ : दोघांच्या मधला प्रश्न शोधा

मी एक कसोटी लावतो. तुमच्या कल्पनेतून जोडीदाराला काढून टाका. काम थोडं मंदावेल, पण होईल, असं वाटत असेल तर ती सेवा आहे, सहकार्य नाही. 'आम्ही चिप बनवू, ते पेशी देतील' (चिप म्हणजे इथे पेशींसाठी बारीक चॅनेल, म्हणजे द्रव वाहायच्या वाटा, असलेली छोटी पट्टी) या वाक्यातला 'ते' कोणीही असू शकतो, आणि परीक्षकाला हे पहिल्या पानावरच कळतं.

चांगला प्रश्न कसा असतो ते एका खऱ्या कामातून बघू. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत आर्थर अ‍ॅश्किन यांनी १९८६ मध्ये प्रकाशाच्या चिमट्याने बारीक कण धरून ठेवण्याची रीत दाखवली. पुढे जोसेफ डिझिडिक यांच्यासोबत ते विषाणू पकडायच्या प्रयत्नात असताना जुन्या नमुन्यात वाढलेले जिवाणू आपोआप सापळ्यात येऊ लागले. पण हिरव्या लेझरच्या झोतात ते मरत होते. मग त्यांनी अवरक्त लेझर वापरला आणि जिवाणू सापळ्यात असतानाच विभागले, त्यांची पुढची पिढी जन्मली. यातला प्रश्न कोणाचा? 'प्रकाश किती जोराने धरतो' हा भौतिकशास्त्राचा, 'जिवाणू कशाने मरतो' हा जीवशास्त्राचा. 'कोणत्या रंगाच्या प्रकाशाने धरलं तर पेशी जिवंत राहते' हा मात्र दोघांच्या मधला. सीड ग्रँटच्या आकाराचा प्रश्न नेमका एवढा असतो. या संशोधनाला २०१८ चं नोबेल मिळालं, पण पेशी जिवंत राहते का हे पाहायला एक वेगळा लेझर पुरला.

तुमचाही प्रश्न एका वाक्यात मावला पाहिजे, आणि त्या वाक्यात दोन्ही बाजूंचं एकेक नाम आलं पाहिजे. मावत नसेल तर अजून अर्ज लिहायला घेऊ नका.

पायरी ३ : जोडीदाराच्या प्रयोगशाळेत उभे राहा

जोडीदार शोधायला परिषदांपेक्षा दुसऱ्या विभागाचे सेमिनार जास्त उपयोगी पडतात. तिथे माणसं अडलेल्या गोष्टींबद्दल मोकळेपणाने बोलतात. 'हे आम्हाला मोजता येत नाही' असं कोणी म्हणालं की कान टवकारा. सेमिनार संपल्यावर जाऊन इतकंच विचारा, मोजता आलं तर तुम्ही त्याचं काय कराल? उत्तर देताना त्यांचे डोळे चमकले तर पुढची भेट ठरवा.

ती भेट ऑफिसात घेऊ नका. एक अख्खा दिवस त्यांच्या बेंचजवळ उभे राहा, आणि नंतर एक दिवस त्यांना तुमच्याकडे बोलवा. या दोन दिवसांत जे कळतं ते दहा मीटिंगांत कळत नाही. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत इंजिनिअरला दिसतं की टेबलावर येणारी प्रत्येक वस्तू आधी निर्जंतुक करावी लागते. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, तापमान १२१ अंश सेल्सिअसला जातं, आणि थ्री-डी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकमध्ये छापलेला सुंदर भाग साधारण ६० अंशांनाच मऊ पडायला लागतो. रेझिनमध्ये छापलेला भाग तापमान सोसेलही, पण नीट धुऊन पक्का केला नसेल तर त्यातून झिरपणारी रसायनं पेशींना मारतात. उलट, इंजिनिअरकडे आलेल्या जीवशास्त्रज्ञाला दिसतं की 'चॅनेल जरा रुंद करून द्या' ही किरकोळ वाटणारी विनंती म्हणजे नवा मास्क (नक्षीचा छाप), नवा साचा, नवी ओतीव चिप, पुन्हा गळती तपासणं. दोन दिवसांची गोष्ट तीन आठवड्यांवर जाते.

याच काळात एक छोटा शब्दकोश तयार करा. हा सल्ला काहींना बालिश वाटतो, पण मी तो प्रत्येक नव्या जोडीला आग्रहाने देतो. 'मॉडेल' म्हटलं की जीवशास्त्रज्ञाच्या मनात उंदीर किंवा झेब्राफिश येतो, इंजिनिअरच्या मनात समीकरणं. 'कंट्रोल' म्हणजे एकाला तुलनेसाठी ठेवलेला गट, दुसऱ्याला यंत्र ठरलेल्या मापावर धरून ठेवणारी फीडबॅकची व्यवस्था. 'व्हेक्टर' म्हणजे एकाला जनुक वाहून नेणारा प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं कडं), दुसऱ्याला दिशा असलेली राशी. 'स्थिर' हा साधा शब्द घ्या. इंजिनिअरला दहा मिनिटं रीडिंग न हललं तरी ते स्थिर वाटतं, पण जीवशास्त्रज्ञ तीन आठवडे टिकणाऱ्या पेशींच्या वागण्याबद्दल बोलत असतो. आमच्या पहिल्या अर्जात 'सिस्टीम' हा शब्द एकाच पानावर तीन अर्थांनी आला होता आणि आम्हा दोघांनाही ते दिसलं नव्हतं.

जोडीदार निवडताना त्यांच्या पेपरांची यादी बघण्यापेक्षा एक सोपी गोष्ट बघा : मेलला उत्तर किती दिवसांत येतं. सीड ग्रँट एक-दीड वर्षाची असते. दर वेळी तीन आठवडे उत्तराची वाट बघावी लागली तर ती मेलमध्येच संपेल. आणि फार मोठ्या नावाच्या मागे जाऊ नका. ज्याच्या प्रयोगशाळेत हे काम करणारा विद्यार्थी खरोखर मोकळा आहे, असा माणूस बरा.

पायरी ४ : कॉल दोनदा वाचा, मग फोन करा

कॉल म्हणजे अर्ज मागवणारी जाहिरात. पहिल्यांदा ती पात्रतेसाठी वाचा. दोन वेगळे विभाग पुरतात की दोन वेगळ्या संस्था लागतात? या जोडीने पूर्वी एकत्र पेपर लिहिलेला चालतो का? काही योजना मुद्दाम नव्या जोड्यांनाच पैसे देतात. पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर काम करणारा संशोधक, मुख्य अर्जदार होऊ शकतो का? यंत्र घेता येतं की फक्त कन्झ्युमेबल्स, म्हणजे वापरून संपणाऱ्या वस्तू? पगार देता येतो का? ओव्हरहेड, म्हणजे संस्थेचा वरखर्च, रकमेच्या आत धरायचा की वर?

दुसऱ्यांदा हेतूसाठी वाचा. सीड ग्रँट देणाऱ्याला बदल्यात काय हवं आहे ते कॉलच्या पहिल्या परिच्छेदात लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी ते म्हणजे 'बाहेरून मोठा निधी आणण्याची शक्यता'. तसं असेल तर तुम्ही नंतर नेमका कोणत्या योजनेत, कोणत्या फेरीत अर्ज करणार हे नावानिशी लिहावं लागेल. 'पुढे मोठ्या निधीसाठी प्रयत्न करू' या वाक्याला काही वजन नाही.

मग फोन किंवा मेल. नवखी माणसं इथे संकोचतात. आपण ओळख काढतोय असं त्यांना वाटतं. प्रोग्राम ऑफिसरचं ते कामच असतं. एक पान पाठवा आणि विचारा की हे तुमच्या योजनेत बसतं का. 'नाही' असं उत्तर आलं तर तुमचे दोन महिने वाचले.

अंतिम तारखेबद्दल एकच गोष्ट : ती देणाऱ्या संस्थेची असते. तुमच्या स्वतःच्या संस्थेच्या कार्यालयाला बजेट तपासून सही करायला त्याआधी काही दिवस लागतात, आणि दोन विभाग असले तर दोन सह्या लागतात.

पायरी ५ : एक पान, आठ प्रश्न

जॉर्ज हाइलमायर हे १९७५ ते १९७७ या काळात अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेचे प्रमुख होते. प्रत्येक प्रस्तावाला ते ठरावीक प्रश्न विचारत, आणि ते प्रश्न आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात. माझ्या शब्दांत ते असे. तुम्ही काय करू बघताय, एकही पारिभाषिक शब्द न वापरता सांगा. आज ते कसं करतात आणि कुठे अडतं? तुमच्या रीतीत नवं काय, आणि ते जमेल असं का वाटतं? जमलं तर कोणाला फरक पडेल? काय फसू शकतं? खर्च किती? वेळ किती? आणि काम बरोबर चाललंय हे मध्यावर व शेवटी कशावरून ओळखायचं?

दोघांनी ही उत्तरं आधी वेगवेगळी लिहावी, मग समोरासमोर ठेवावी. फसू शकणाऱ्या गोष्टींची उत्तरं हमखास वेगळी निघतात, आणि त्या फरकातच तुमचा सीड प्रयोग दडलेला असतो.

पायरी ६ : प्रयोग आखा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

एक उदाहरण घेतो. समजा, यकृताच्या पेशी एका चिपमध्ये वाढवून औषधाचा विषारीपणा तपासायचा आहे. अवयवाची नक्कल करणाऱ्या चिपची कल्पना आता रुळली आहे. २०१० मध्ये डाँगुन हुह, डोनाल्ड इंगबर आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाची चिप दाखवली : मध्ये सच्छिद्र पडदा, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला द्रव, आणि श्वासासारखा ताण देण्यासाठी कडेच्या पोकळीत निर्वात. अशा चिप बहुतेकदा पीडीएमएस या सिलिकोन रबरात ओततात. ते पारदर्शक असतं, त्यातून वायू आरपार जातो, आणि साच्यात ओतून भाजलं की झालं. इंजिनिअरच्या दृष्टीने याहून सोयीचं काही नाही.

पण औषधाच्या चाचणीत हेच रबर दगा देतं. पाण्यापासून दूर पळणारे लहान रेणू पीडीएमएस शोषून घेतं. मायकेल टोपके आणि डेव्हिड बीबी यांनी २००६ मध्येच हे नीट दाखवून दिलं होतं. म्हणजे तुम्ही पंपातून ठरलेल्या मात्रेत औषध सोडता, पण वाटेत बरंचसं भिंतीत मुरतं आणि पेशींपर्यंत थोडंच पोचतं. पेशी मरत नाहीत, आणि तुम्ही लिहिता की औषध सुरक्षित आहे. हा नुसता मोजमापातला दोष नाही. निष्कर्षच उलटा होतो.

मग सीड ग्रँटमध्ये काय करायचं? दहा औषधं, तीन प्रकारच्या पेशी आणि यंत्रशिक्षणाचं मॉडेल हे पुढच्या अर्जासाठी ठेवा. आत्ता एक औषध, ज्याचा यकृतावरचा परिणाम आधीच माहीत आहे. एक प्रकारच्या पेशी. चिपच्या दोन जाती, एक पीडीएमएसची आणि एक न शोषणाऱ्या प्लास्टिकची. आणि चिपमधून बाहेर पडणाऱ्या द्रवात औषध किती उरलं याचं थेट मोजमाप. एवढ्यावर तुम्हाला कळेल की या चिपमधल्या मात्रेच्या आकड्यावर विश्वास ठेवता येतो का. मोठ्या ग्रँटचा परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारणार आहे.

उद्दिष्टं दोन ठेवा, फार तर तीन, आणि पहिलं फसलं तरी दुसरं उभं राहील अशी रचना करा. 'उद्दिष्ट १ मध्ये चिप बनवू, उद्दिष्ट २ मध्ये त्या चिपवर पेशी वाढवू' ही नवख्यांची सर्रास रचना असते. चिप झालीच नाही तर दुसऱ्या उद्दिष्टाचं काय? वरच्या उदाहरणात शोषणाचं मोजमाप पेशींशिवायही होतं, आणि पेशींचं मोजमाप साध्या प्लेटमध्ये आधीच सुरू करता येतं.

प्रत्येक उद्दिष्टाला एक आकडा बांधा. 'पेशी चांगल्या वाढतील' असं न लिहिता 'सातव्या दिवशी चिपमध्ये इतके टक्के पेशी जिवंत आणि प्लेटइतकं अल्ब्युमिन' असं लिहा (अल्ब्युमिन हे यकृताच्या पेशी बनवतात ते प्रथिन). आकड्याच्या खाली आलो तर काय करू, हेही लिहा. परीक्षकाला त्यातून दिसतं की थांबायचं कुठे ते तुम्हाला कळतं.

आता नमुन्यांची संख्या. आमच्या पहिल्या अर्जात मी अभिमानाने लिहिलं होतं की एका चिपवर ४८ चॅनेल आहेत, म्हणजे एका प्रयोगात ४८ नमुने. परीक्षकाने शांतपणे लिहिलं : सगळ्या पेशी एकाच फ्लास्कमधून आल्या आहेत, म्हणून नमुना एक. मला ते समजायला वेळ लागला. ४८ चॅनेलमधून माझं उपकरण किती सातत्याने चालतं ते कळतं. जीवशास्त्रीय उत्तर पुन्हा तसंच येईल का, हे कळायला वेगळ्या दिवशी, वेगळ्या खेपेच्या, शक्य तर वेगळ्या दात्याच्या पेशी लागतात. पहिल्याला तांत्रिक पुनरावृत्ती म्हणतात, दुसऱ्याला जैविक. इंजिनिअर पहिलीवर समाधान मानतो, आणि आंतरशाखीय अर्ज बरेचदा इथेच पडतात. तक्त्यात दोन्ही वेगळे रकाने करून लिहा. संख्याशास्त्र जाणणाऱ्या कोणाला तरी हा तक्ता अर्ज जाण्याआधी दाखवा.

आणि पेशींची ओळख व मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूची तपासणी यांसाठी एक ओळ ठेवा. मायकोप्लाझ्माचा संसर्ग साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, माध्यम गढूळही होत नाही, पण पेशींचं वागणं बदलतं. वर्षभराचा डेटा त्यामुळे टाकून द्यावा लागलेली माणसं मी पाहिली आहेत.

पायरी ७ : पैसे कुठे जातात

इंजिनिअरला वाटतं खर्च एकदाच होतो : यंत्र घेतलं, साचा केला, झालं. जीवशास्त्रात खर्च दर आठवड्याला होतो. माध्यम, सीरम, अँटिबॉडी, किट, पिपेटची टोकं, द्रव नायट्रोजन. प्रयोग होवो न होवो, पेशींना खाऊ घालावंच लागतं, सुटीच्या दिवशीही. उलट जीवशास्त्रज्ञ इंजिनिअरचा खर्च एका चिपचा धरतो, प्रत्यक्षात पाच-सहा आवृत्त्या होतात.

म्हणून बजेट दोघांनी शेजारी बसून, एका प्रयोगापासून करा. एक पूर्ण प्रयोग करायला काय काय लागतं त्याची यादी, तिला प्रयोगांच्या संख्येने गुणा, आणि वर फसणाऱ्या प्रयोगांसाठी निदान तिसरा हिस्सा धरा. नवं मोठं यंत्र मागू नका. सामायिक केंद्रातल्या यंत्राचे तास मागा. बहुतेक पैसे माणसावर गेले तर ते योग्यच आहे. त्यातही एकच माणूस दोन्ही प्रयोगशाळांत वावरणारा असेल तर मला ते फार मोलाचं वाटतं. दोन विद्यार्थी आपापल्या इमारतीत बसून फाइली पाठवतात, एक विद्यार्थी मात्र खिशात चिप घेऊन चालत जातो आणि वाटेत काय बिघडलं ते त्याला कळतं.

पैसे निम्मे-निम्मे वाटायची सवय असते. कामाप्रमाणे वाटा. पहिल्या सहा महिन्यांत एकाकडे जास्त आणि नंतर दुसऱ्याकडे, असंही चालतं.

पायरी ८ : परवानग्या आणि आपापसातला कागद

माणसांचे नमुने, प्राणी किंवा जनुकबदल केलेले सजीव यांतलं काही असेल तर नीतिसमिती, प्राणिप्रयोग समिती आणि जैवसुरक्षा समिती यांची मंजुरी लागते, आणि तिला काही महिने लागू शकतात. बारा महिन्यांच्या ग्रँटमधले चार असे गेले तर उरलं काय? अर्ज टाकतानाच समितीकडेही कागद टाका, किंवा पहिल्या टप्प्यात परवानगी न लागणाऱ्या, बाजारात मिळणाऱ्या पेशी वापरा.

जोडीदारासोबत एक पानाचा करार लिहा. पहिला लेखक कोण, शेवटचा कोण, कच्चा डेटा कुठे ठेवायचा, विद्यार्थी कोणाचा, कोणी मध्येच संस्था सोडली तर काय. दोन शाखांत लेखकांच्या क्रमाचे संकेत वेगळे असू शकतात, म्हणून हे बोलणं मैत्री असतानाच व्हावं. 'क्रेडिट' या पद्धतीत लेखकांच्या योगदानाच्या १४ भूमिका ठरवल्या आहेत. ती यादी समोर ठेवून बोललं की अवघडलेपणा कमी होतो. पेटंटची शक्यता असेल तर परिषदेत पोस्टर लावण्याआधी संस्थेच्या पेटंट कक्षाला सांगा. युरोपात आधी जाहीर केलेल्या शोधाला, अगदी मोजके अपवाद सोडले तर, पेटंट मिळत नाही.

पायरी ९ : लिहा, आणि उलटं वाचून घ्या

जीवशास्त्राचा भाग इंजिनिअरने आणि उपकरणाचा भाग जीवशास्त्रज्ञाने लिहायचा, ही आमची रीत. पहिला मसुदा कच्चा होतो, पण अनावश्यक पारिभाषिक शब्द आपोआप गळतात, आणि जे लिहिता येत नाही ते अजून समजलेलं नाही हेही उघडं पडतं. मग मूळ तज्ज्ञाने तो दुरुस्त करायचा.

पहिल्या पानावर एक आकृती हवीच. डावीकडे जीवशास्त्राचा अडलेला प्रश्न, उजवीकडे उपकरण, मध्ये सीड प्रयोग. हाताने काढलेल्या कच्च्या आकृतीपासून सुरुवात करा. आकृती जमत नसेल तर दोष कल्पनेत आहे.

जोखमीचा परिच्छेद लपवू नका. सीड ग्रँटच्या परीक्षकाला जोखीम बघायचीच असते. 'कोणतीही मोठी अडचण अपेक्षित नाही' असं लिहिणाऱ्या अर्जावर त्याचा विश्वास बसत नाही. चॅनेलमध्ये हवेचा बुडबुडा अडकला तर तो पुढे सरकताना पेशी खरवडून नेतो, हे लिहा. त्यासाठी आधी बुडबुडे अडवणारा सापळा लावू, माध्यम आधी गरम करून त्यातली हवा काढू, हेही लिहा. हे वाक्य फक्त काम केलेल्या माणसालाच लिहिता येतं, आणि वाचणाऱ्याला ते ओळखू येतं.

पायरी १० : निकाल

नाकारलं तर टिप्पण्या वाचून दोन दिवस काही करू नका. मग त्यांचे दोन ढीग करा : परीक्षकाला समजलं नाही ते, आणि समजलं पण पटलं नाही ते. पहिला ढीग भाषेचा आहे, तो एका आठवड्यात सुटतो. दुसऱ्या ढिगासाठी बहुतेकदा एखादा छोटा प्रयोग करावा लागतो. दोन शाखांच्या परीक्षकांनी परस्परविरोधी मागण्या केल्या तर घाबरू नका. कोणती मागणी तुमच्या मधल्या प्रश्नाशी जोडलेली आहे ते पाहा आणि ती धरा.

मिळालं तर पहिल्या आठवड्यात मालाची मागणी टाका. खरेदी खात्यातून अँटिबॉडी यायला किती दिवस लागतात हे नवख्यांना कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. दर आठवड्याला अर्धा तास, आलटून पालटून एकेकाच्या प्रयोगशाळेत, उभ्या उभ्या भेटा. फसलेल्या प्रयोगांचीही तारीखवार नोंद एका सामायिक वहीत ठेवा. आमचा गंजलेला बोर्ड अशाच वहीच्या नवव्या पानावर आहे, फोटोसकट. पुढच्या मोठ्या अर्जात 'उपकरण इनक्युबेटरमध्ये २१ दिवस चालतं' हे वाक्य आम्ही त्या पानामुळेच लिहू शकलो.

त्या मोठ्या अर्जासाठी सीड ग्रँट संपण्याची वाट पाहत बसू नका. मोठ्या संस्थांचं परीक्षण आणि मंजुरी यांत बरेच महिने जातात, आणि मधल्या काळात पगाराला पैसे नसले तर दोन्ही प्रयोगशाळांची भाषा शिकलेला तुमचा विद्यार्थी निघून जातो. एका वर्षाची ग्रँट असेल तर सातव्या महिन्यात हातात असलेल्या आलेखांवर लिहायला बसा. उरलेले प्रयोग कोणते करायचे ते त्या मसुद्यातल्या रिकाम्या जागाच सांगतात.